अन्नजाळ्यात फिरून येणाऱ्या ऊर्जेचा ताळेबंद कसा मांडावा

परिसंस्थेत ऊर्जा एकाच दिशेने वाहते आणि द्रव्य मात्र चक्राकार फिरते, हे विधान जीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. उष्णतेपुरते ते बिनचूक आहे, कारण श्वसनातून उष्णता होऊन निघून गेलेली ऊर्जा कोणताही सजीव पुन्हा वापरू शकत नाही. परंतु गळलेल्या पानात, विष्ठेत किंवा मेलेल्या किड्याच्या शरीरात जी रासायनिक ऊर्जा बंदिस्त असते ती अद्याप खर्च झालेली नसते. जीवाणू ती खातात, जीवाणू मरतात, त्यांचे अवशेष पुन्हा त्याच मृतद्रव्याच्या साठ्यात येऊन पडतात आणि दुसरा जीव ते उचलतो. म्हणजे ऊर्जेचा एखादा अंश उष्णतेत विरून जाण्यापूर्वी त्याच कप्प्यातून, म्हणजे अन्नजाळ्याच्या एकाच घटकातून, दोनदा किंवा तीनदा जाऊ शकतो. हे फेरे हिशेबात नीट धरले नाहीत, तर एकच ऊर्जा अनेकदा मोजली जाते आणि परिसंस्था प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा समृद्ध भासते.

या लेखात हा हिशेब पायरीपायरीने मांडला आहे. त्यासाठी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या कोन स्प्रिंग या लहानशा झऱ्याचे उदाहरण घेतले आहे. टिली यांनी या झऱ्याचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला आणि त्यावरून तयार झालेले पाच कप्प्यांचे जाळे प्रवाह-विश्लेषणाच्या अभ्यासकांनी वारंवार वापरले आहे. ते इतके आटोपशीर आहे की संपूर्ण गणित कागदावर करता येते. ही पद्धत शिकताना ते एकदा हाताने करावेच, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कोणता फेरा मोजायचा, हे आधी ठरवावे

अन्नजाळ्यात दोन प्रकारचे परस्परपरिणाम असतात आणि त्यांची गल्लत फार सहज होते. भक्षक वाढले की भक्ष्य घटते आणि भक्ष्य घटले की भक्षक उपाशी राहतात, हा नियंत्रणाचा फेरा झाला. त्यात परिणाम परत येतो, ऊर्जा परत येत नाही. दुसरा प्रकार प्रवाहाच्या फेऱ्याचा असून त्यात प्रत्यक्ष ऊर्जा बाहेर पडलेल्या कप्प्यात परतते. ताळेबंदात मांडता येतो तो फक्त हा दुसरा प्रकार. नियंत्रणाच्या फेऱ्यासाठी काळानुसार बदलणारी प्रतिमाने लागतात आणि ते काम वेगळे आहे.

सीमा, एकक आणि कालावधी

ताळेबंद कशाचा आहे हे पहिल्या ओळीत लिहावे. कोन स्प्रिंगच्या बाबतीत एकक आहे दर चौरस मीटरला दर वर्षी किलोकॅलरी, आणि या लेखातील पुढचे सर्व प्रवाह त्याच एककात आहेत. आपल्याकडची काही मोजमापे कार्बनच्या ग्रॅममध्ये आणि काही कोरड्या वजनात असतील, तर ती आधी एका एककात आणावीत. १ ग्रॅम कार्बनला ढोबळमानाने १० किलोकॅलरी धरण्याचा प्रघात आहे, पण जेथे प्रत्यक्ष उष्मांक मोजलेले असतील तेथे तेच वापरावेत. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल.

कालावधी शक्यतो पूर्ण वर्षाचा घ्यावा. पुढचे गणित असे गृहीत धरते की प्रत्येक कप्प्याची आवक आणि जावक सारखी आहे, म्हणजे साठा वर्षाअखेरीस जवळपास तेवढाच राहतो. पावसाळ्यातले दोन महिने मोजून हे गृहीतक लावले तर ते टिकणार नाही.

कप्पे पाडणे

कोन स्प्रिंगचे कप्पे पाच आहेत: वनस्पती, मृतद्रव्य, जीवाणू, मृतद्रव्य खाणारे प्राणी आणि मांसभक्षक. मृतद्रव्याला स्वतंत्र कप्पा दिलेला आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ऊर्जेचे जवळपास सर्व फेरे याच कप्प्यातून जातात. जीवाणूंना त्यापासून वेगळे ठेवायचे की त्यातच मिसळायचे, या एका निर्णयावर अंतिम आकडा किती हलतो ते पुढे येईल.

खतावणी

प्रत्येक कप्प्याच्या पानावर चार प्रकारच्या नोंदी येतात: बाहेरून आलेली ऊर्जा, जाळ्यातल्या इतर कप्प्यांकडून आलेली, इतर कप्प्यांकडे गेलेली, आणि जाळ्याबाहेर गेलेली. बाहेर जाणाऱ्या ऊर्जेतही दोन खाती हवीत. प्रवाहासोबत वाहून गेलेले सेंद्रिय द्रव्य दुसऱ्या कुठल्या तरी परिसंस्थेच्या कामी येते, श्वसनात गेलेली ऊर्जा कोणाच्याच कामी येत नाही. कोन स्प्रिंगची खतावणी अशी आहे:

वनस्पती: आवक ११,१८४, सर्व सूर्यप्रकाशातून बांधलेली. जावक: मृतद्रव्याकडे ८,८८१, वाहून गेलेली ३००, श्वसन २,००३.

मृतद्रव्य: आवक वनस्पतींकडून ८,८८१, बाहेरून पडलेला पालापाचोळा वगैरे ६३५, जीवाणूंकडून १,६००, मृतद्रव्यभक्षकांकडून २००, मांसभक्षकांकडून १६७, एकूण ११,४८३. जावक: जीवाणूंकडे ५,२०५, मृतद्रव्यभक्षकांकडे २,३०९, वाहून गेलेली ८६०, श्वसन ३,१०९.

जीवाणू: आवक ५,२०५. जावक: मृतद्रव्याकडे १,६००, मृतद्रव्यभक्षकांकडे ७५, वाहून गेलेली २५५, श्वसन ३,२७५.

मृतद्रव्यभक्षक: आवक २,३०९ आणि ७५ मिळून २,३८४. जावक: मांसभक्षकांकडे ३७०, मृतद्रव्याकडे २००, श्वसन १,८१४.

मांसभक्षक: आवक ३७०. जावक: मृतद्रव्याकडे १६७, श्वसन २०३.

मृतद्रव्याच्या पानावरची ३,१०९ ची श्वसनाची नोंद पाहून थबकायला हवे, कारण मेलेले पान श्वास घेत नाही. ते श्वसन त्या कप्प्यात गृहीत धरलेल्या अपघटक सूक्ष्मजीवांचे म्हणूनच वाचावे लागते. आपल्या ताळेबंदात अशी नोंद आली तर तिच्यामागे कोणते जीव आहेत हे शेजारी लिहून ठेवावे.

प्राणी खातो किती, हे नोंदवताना एक संकेत पक्का करून तो सर्वत्र पाळावा. 'खाल्लेली ऊर्जा' म्हणजे तोंडात गेलेली सर्व ऊर्जा असे धरले, तर न पचलेला भाग विष्ठा म्हणून मृतद्रव्यात परततो आणि फेरा म्हणून दिसतो. उलट फक्त पचलेली ऊर्जाच नोंदवली, तर विष्ठेतला भाग मृतद्रव्यातून बाहेर पडलाच नाही असा अर्थ होतो आणि फेरा आकसतो. दोन्ही संकेत चालतात. मात्र अर्धे कप्पे एका संकेताने आणि अर्धे दुसऱ्या संकेताने भरले, तर पुढची कोणतीही तुलना व्यर्थ ठरते.

ताळा पाहणे

प्रत्येक पान जुळते की नाही ते पाहावे, मग संपूर्ण जाळे जुळते का ते पाहावे. येथे बाहेरून आलेली एकूण ऊर्जा ११,१८४ अधिक ६३५, म्हणजे ११,८१९ आहे. सर्व श्वसनांची बेरीज १०,४०४ आणि वाहून गेलेल्या ऊर्जेची बेरीज १,४१५, मिळून तेवढेच ११,८१९. जाळ्यात कितीही फेरे असले तरी ही दोन टोके जुळलीच पाहिजेत, कारण फेरे ऊर्जा निर्माण करत नाहीत. प्रत्यक्ष क्षेत्रावरची मोजमापे पहिल्या फटक्यात अशी जुळत नाहीत. तेव्हा ज्या नोंदीवर सर्वांत कमी विश्वास असेल, बहुधा श्वसनाची किंवा वाहून जाण्याची, ती दुरुस्त करावी आणि दुरुस्ती किती केली ते नमूद करावे. तूट सर्व नोंदींवर सारखी वाटून टाकणे सोपे असले तरी त्यामुळे चांगले मोजलेले आकडेही बिघडतात.

नवी ऊर्जा आणि परतलेली ऊर्जा

येथे हिशेबाचा गाभा येतो. परिसंस्थेच्या पायाशी किती ऊर्जा आहे, असे विचारल्यावर अनेक जण वनस्पतींचे ११,१८४ आणि मृतद्रव्याचे ११,४८३ यांची बेरीज करून २२,६६७ सांगतात. ही बेरीज जवळपास दुप्पट आहे. मृतद्रव्यातले ८,८८१ वनस्पतींच्या पानावर आधीच मोजलेले आहेत आणि १,९६७ (१,६००, २०० आणि १६७ यांची बेरीज) तर मृतद्रव्यातूनच निघून परतलेले आहेत. झऱ्याला खऱ्या अर्थाने नव्याने मिळालेली ऊर्जा ११,८१९ एवढीच.

मृतद्रव्याचे पान या दृष्टीने पुन्हा वाचू. पहिल्यांदाच आलेली ऊर्जा ८,८८१ अधिक ६३५, म्हणजे ९,५१६. परतलेली १,९६७. कोन स्प्रिंगमध्ये जीवाणू, मृतद्रव्यभक्षक आणि मांसभक्षक या तिघांचीही सर्व ऊर्जा शेवटी मृतद्रव्यातूनच आलेली असल्यामुळे ही विभागणी नुसत्या नजरेने करता येते. मृतद्रव्यातून निघालेल्या प्रत्येक १०० किलोकॅलरींपैकी १७.१३ परत येतात, कारण १,९६७ भागिले ११,४८३ म्हणजे ०.१७१३. परतलेल्यांपैकी पुन्हा १७.१३ टक्के दुसऱ्या फेऱ्याला परततात. म्हणून मृतद्रव्यात १ किलोकॅलरी नव्याने पडली की त्या कप्प्यातून होणारी एकूण उलाढाल (त्यातून जाणारी सर्व ऊर्जा) १ + ०.१७१३ + ०.०२९३ + ०.००५० + … अशी वाढत जाऊन १.२०६७ वर स्थिरावते. ही बेरीज १ भागिले (१ वजा ०.१७१३) या सूत्रानेही मिळते. ताळा असा: ९,५१६ गुणिले १.२०६७ बरोबर ११,४८३. हा गुणक समजला की बाकीची पद्धत म्हणजे त्याचाच विस्तार आहे.

प्रत्येक फेरा वेगळा काढणे

आता ही १,९६७ कोणकोणत्या वाटांनी परतली ते शोधावे. कोन स्प्रिंगमध्ये फेरे पाचच आहेत आणि पाचही मृतद्रव्यातून जातात. एखाद्या वाटेवरचा प्रवाह काढण्यासाठी मृतद्रव्यातून निघालेल्या प्रवाहाला पुढच्या प्रत्येक टप्प्यावरच्या वाट्याने गुणत जावे. वाटा म्हणजे त्या कप्प्यातून पुढे गेलेला प्रवाह भागिले त्या कप्प्याची एकूण उलाढाल.

मृतद्रव्य, जीवाणू आणि परत मृतद्रव्य: १,६००.
मृतद्रव्य, मृतद्रव्यभक्षक आणि परत: २,३०९ गुणिले २००/२,३८४, म्हणजे १९३.७.
मृतद्रव्य, मृतद्रव्यभक्षक, मांसभक्षक आणि परत: २,३०९ गुणिले ३७०/२,३८४ गुणिले १६७/३७०, म्हणजे १६१.७.
मृतद्रव्य, जीवाणू, मृतद्रव्यभक्षक आणि परत: ७५ गुणिले २००/२,३८४, म्हणजे ६.३.
मृतद्रव्य, जीवाणू, मृतद्रव्यभक्षक, मांसभक्षक आणि परत: ५.३.

बेरीज १,९६७ येते. त्यातले ८१ टक्के एकट्या जीवाणूंच्या आखूड फेऱ्यातले आहेत, तर सर्वांत लांब फेऱ्यात अर्धा टक्काही नाही. याचे कारण उघड आहे: प्रत्येक टप्प्यावर श्वसनाचा कर द्यावा लागतो आणि वाट जितकी लांब तितकी परत येणारी ऊर्जा कमी. समुद्रातही जीवाणूंचा वाटा असाच मोठा असतो, हे १९८३ साली अझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सूक्ष्मजीव फेरा' या संकल्पनेतून ठसवले.

संपूर्ण जाळ्याचा निर्देशांक

जाळे मोठे असेल आणि फेरे एकमेकांत गुंतलेले असतील, तर हाताने वाटा मोजणे शक्य नसते. त्यासाठीचे गणित अर्थशास्त्रातून आले. लिऑन्टीफ यांनी उद्योगांमधल्या देवघेवीसाठी आवक-जावक विश्लेषण रचले, त्यांना १९७३ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी हॅनन यांनी ती पद्धत परिसंस्थांना लावून दाखवली. १९७६ साली फिन यांनी तिच्यावरून पुनर्चक्रण निर्देशांक, म्हणजे जाळ्याच्या एकूण उलाढालीतला परतलेल्या ऊर्जेचा वाटा, तयार केला. तो असा काढावा.

एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये पाच ओळी आणि पाच स्तंभांचा तक्ता करावा. ओळ देणाऱ्या कप्प्याची आणि स्तंभ घेणाऱ्या कप्प्याची. प्रत्येक घरात तो प्रवाह भागिले देणाऱ्या कप्प्याची उलाढाल लिहावी. उदाहरणार्थ मृतद्रव्याच्या ओळीत जीवाणूंच्या स्तंभात ५,२०५/११,४८३, म्हणजे ०.४५३३. श्वसन आणि बाहेर गेलेली ऊर्जा या तक्त्यात येत नाही, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज १ पेक्षा कमी असली पाहिजे. बेरीज १ पेक्षा जास्त आली, तर भागाकार घेणाऱ्याच्या उलाढालीने झाला आहे असे समजावे. ही चूक अतिशय सर्रास होते. मग कर्णावर १ आणि अन्यत्र शून्य असलेल्या एकक मॅट्रिक्समधून हा तक्ता वजा करून 'मिन्व्हर्स' (MINVERSE) या सूत्राने त्याचा व्यस्त मॅट्रिक्स काढावा. त्याच्या कर्णावरचे आकडे म्हणजे प्रत्येक कप्प्याचे गुणक. ते असे येतात: वनस्पती १, मृतद्रव्य १.२०६७, जीवाणू १.१६९४, मृतद्रव्यभक्षक १.०३८६, मांसभक्षक १.०१७५. वनस्पतींकडे काहीच परत येत नाही, म्हणून तेथे नेमका १ यायलाच हवा.

कप्प्यातली परतलेली ऊर्जा काढण्यासाठी गुणकातून १ वजा करावा, बाकीला गुणकाने भागावे आणि आलेल्या अपूर्णांकाने त्या कप्प्याच्या उलाढालीला गुणावे. मृतद्रव्यात १,९६७, जीवाणूंत सुमारे ७५४, मृतद्रव्यभक्षकांत ८८.५ आणि मांसभक्षकांत ६.४ अशी परतलेली ऊर्जा निघते. बेरीज सुमारे २,८१६. पाचही कप्प्यांची एकूण उलाढाल ३०,६२६. म्हणून निर्देशांक ०.०९२, म्हणजे ९.२ टक्के.

काही अभ्यासक, विशेषतः उलानोविच यांच्या पद्धतीने काम करणारे, एकूण उलाढालीत जाळ्याबाहेर जाणारे प्रवाहही मिळवतात. तसे केल्यास भाजक ४२,४४५ होतो आणि तीच परतलेली ऊर्जा ६.६ टक्के दिसते. दोन शोधनिबंधांतले निर्देशांक शेजारी ठेवण्यापूर्वी भाजक कोणता आहे ते पाहणे म्हणूनच अपरिहार्य आहे. मोठ्या जाळ्यांसाठी 'आर' या संगणकभाषेतील 'एनाआर' हा संच ही सर्व गणिते करतो, आणि मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासात रुळलेल्या इकोपाथ या संगणकप्रणालीतही फिन यांचा निर्देशांक मिळतो.

पोषणपातळी काढताना

मांसभक्षक कितव्या पोषणपातळीवर, म्हणजे अन्नसाखळीच्या कितव्या पायरीवर आहेत, हे ठरवताना फेरे अडचण करतात. मृतद्रव्याची पातळी त्याच्या स्रोतांवरून काढली, तर मांसभक्षकाच्या अवशेषांमुळे मृतद्रव्य वर चढते, त्यामुळे ते खाणारा प्राणी वर चढतो आणि पुन्हा मांसभक्षकही. हे टाळण्यासाठी मृतद्रव्याला वनस्पतींप्रमाणेच पहिली पातळी द्यावी. मग मृतद्रव्यभक्षक २.०३ आणि मांसभक्षक ३.०३ या पातळीवर येतात. येथील दशांश त्या ७५ किलोकॅलरींच्या जीवाणूंमुळे आहेत.

आकडा किती भक्कम आहे

निर्देशांक मिळाला की त्याला धक्के देऊन पाहावेत. जीवाणूंकडून मृतद्रव्याकडे जाणारा १,६०० चा प्रवाह १० टक्क्यांनी वाढवून १,७६० केला, तेवढेच जीवाणूंचे श्वसन घटवले आणि मृतद्रव्याचे वाढवले, तर निर्देशांक ९.२ वरून ९.९ टक्के होतो. प्रवाहातील अनिश्चिततेचा हा परिणाम सोसण्याजोगा आहे.

कप्पे एकत्र केल्याचा परिणाम मात्र तसा नाही. जीवाणू आणि मृतद्रव्य यांचा एकच कप्पा केला, तर त्यांच्यातली ५,२०५ आणि १,६०० ची देवघेव कप्प्याच्या पोटात जाते आणि हिशेबातून नाहीशी होते. नव्या चार कप्प्यांच्या जाळ्याची उलाढाल २३,८२१, परतलेली ऊर्जा सुमारे ४६२ आणि निर्देशांक अवघा १.९ टक्के. झरा तोच, मोजमापे तीच, आणि उत्तर जवळपास एक-पंचमांश. त्यामुळे दोन परिसंस्थांची तुलना करायची असेल तर दोन्हींचे कप्पे एकाच निकषाने पाडलेले असावेत. नाही तर ती तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे.

ही पद्धत ठाणे खाडीसारख्या खारफुटीच्या ठिकाणी लावायची झाल्यास सर्वांत जास्त श्रम सीमेवरच्या नोंदींवर खर्च करावेत. कोन स्प्रिंगमध्ये पाणी एका दिशेने वाहते, खाडीत मात्र भरतीने आलेला गाळ आणि पाला ओहोटीने परत जातो. आत आलेली आणि बाहेर गेलेली ऊर्जा वेगवेगळी नोंदवली, तर बाहेर जाऊन पुढच्या भरतीला परत आलेला पाला नवी आवक म्हणून मोजला जातो. नुसता निव्वळ फरक नोंदवला, तर ही आदानप्रदानच अदृश्य होते. यांपैकी कोणता मार्ग घेतला ते लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास दोन्ही मार्गांनी निर्देशांक काढावा. हिवाळ्यात येऊन चरबी साठवून निघून जाणाऱ्या रोहित पक्ष्यांची जावकही श्वसनाच्या खात्यात न टाकता बाहेर गेलेल्या ऊर्जेच्या खात्यात टाकावी, कारण ती ऊर्जा अजून खर्च झालेली नसते.